तंबूची पहिली आंघोळ

आमच्या दुकानाच्या पाटीवर बाबांचं आडनाव आहे आणि त्यापुढे 'आणि चिरंजीव' असं लिहिलंय. चिरंजीव म्हणजे माझा दादा. त्याने आयुष्यात एक सरळ शिवण घातलेली नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत जाड कापडाच्या मशीनवर एकतीस वर्षं तंबू शिवणारी जी बाई आहे, ती पाटीवर कुठेच नाही. ती मी. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. पाटीचं मला खरंच कधी फारसं काही वाटलं नव्हतं. राग आला तो गेल्या आठवड्यात, आणि अजून उतरलेला नाही.

जंगलातल्या तळ्याकाठी दर वर्षी एक शिबिर भरतं. तिथे वीज नाही, नळ नाही, खोली नाही, संडास नाही. पाणी तळ्यातून आणायचं आणि उकळून प्यायचं. चुलीला खाली पडलेलीच लाकडं वेचायची, उभ्या झाडाला हात लावायचा नाही. सकाळी फावडं घेऊन पाण्यापासून दोनशे पावलं लांब जायचं, खड्डा खणायचा आणि नंतर बुजवायचा. असे हाल करून घ्यायला तीस-तीस माणसं हौसेने येतात. मला आधी हसू यायचं. आता येत नाही.

शिबिर चालवणाऱ्या बाई जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना मोजणीबाई म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं. कुठेही गेल्या तरी पावलं मोजत चालतात. तंबू जाड सुती कापडाचाच हवा, हा त्यांचा हट्ट. नायलॉनचा तंबू आतून घामाने निथळतो आणि शेकोटीची एक ठिणगी उडाली की त्याला भोक पडतं, असं त्या म्हणतात, आणि ते खरंच आहे. त्यांचे जुने तंबू कुजले म्हणून या वर्षी त्यांनी आमच्याकडे बारा नवे सांगितले होते.

आता एक गोष्ट सांगावी लागेल, कारण सगळं तिच्यावरच अडलंय. नवा सुती तंबू शिवला की लगेच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नसतो. सुई जिथे जिथे टोचते तिथे बारीक भोक राहतं. नव्या तंबूत शिरून दार लावून घेतलं की शिवणीवर उजेडाचे ठिपके दिसतात, ओळीने. म्हणून तंबू ताणून उभा करायचा, वरून बादल्यांनी चिंब भिजवायचा आणि उन्हात खडखडीत वाळवायचा. सुती दोरा पाणी पिऊन फुगतो, कापड आवळतं आणि भोकं बुजतात. बाबा याला आंघोळ म्हणायचे. प्रत्येक तंबूला तीन आंघोळी, आणि प्रत्येक आंघोळीनंतर दाराच्या नाडीला एक गाठ. तीन गाठी पडल्याशिवाय तंबू दुकानाबाहेर जायचा नाही.

आम्ही लहान असताना बाबा आम्हा दोघांना त्या भिजत्या तंबूत बसवायचे. “भिंतीला पाठ लावायची नाही,” एवढी एकच ताकीद. ओल्या कापडाला आतून काही टेकलं, की तेवढ्या जागी पाणी आत झिरपतं, मग शिवण कितीही पक्की असो. दादाने पहिल्याच दिवशी पाठ लावली. सदरा ओला झाला, बाबा हसले, आणि दादा जो रुसून घरात गेला तो पुन्हा कधी आंघोळीला आला नाही. मी राहिले. पुढे मशीनवरही मीच राहिले आणि तो गल्ल्यावर बसला.

हे बारा तंबू शिवत होते तेव्हा माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. दुधावर साय धरावी तसं त्या डोळ्याला सगळं पांढुरकं दिसायचं. उजव्या डोळ्यावर भागवत होते. शेवटचा तंबू हातावेगळा केला आणि दुसऱ्या दिवशी लेकीबरोबर ऑपरेशनला गेले. जाताना दादाला बजावलं, “तीनही आंघोळी घाल. मागच्या अंगणातली तुझी खोकी हलव आणि एकेक तंबू उभा कर. घाई करू नकोस.”

मागच्या अंगणात त्याने परगावाहून मागवलेल्या तयार नायलॉन तंबूंची खोकी छातीइतकी रचून ठेवली होती. “हो गं बाई,” तो म्हणाला, “सगळं करतो. तू डोळा सांभाळ.”

बारा दिवसांनी काळा चष्मा लावून कामावर आले, तर दादा मागच्या खोलीच्या दारातच उभा. आमचे कातरमामा टेबलावर कापड पसरून बसले होते. हे मामा बाबांच्या वेळेपासून आमच्याकडे कापड कापतात. त्यांनी मला बघितलं आणि लगेच मान खाली घातली. काहीतरी बिनसलंय हे मला तेव्हाच कळलं.

“सगळे गळले,” दादा म्हणाला. “बाराच्या बारा.”

“काय?”

“तळ्यावरचे तंबू! पहिल्याच रात्री पाऊस आला. तीस माणसं भिजली. कोणी पोस्टातले आजोबा आहेत, त्यांना ताप भरलाय. त्या बाईने नाक्यापर्यंत चालत येऊन फोन केला काल. असलं ऐकून घ्यावं लागलंय मला की सांगायची सोय नाही.”

“आंघोळ घातली होतीस ना?”

“घातली. तीनदा घातली.” त्याने हे माझ्या डोळ्याला डोळा देऊन सांगितलं. “शिवणच धड नाही तर आंघोळ घालून काय होणार? दिसत नव्हतं तर मशीनवर बसायचं कशाला? मला सांगता येत नव्हतं?”

एरवी मी त्याला एकाचे चार ऐकवले असते. पण दिसत नव्हतं हे खरं होतं. शेवटचे तीन-चार तंबू मी बोटांनी चाचपत शिवले होते. एकतीस वर्षांची सवय आहे, बोटांना कळतं, असं मीच स्वतःला समजावलं होतं. तीस माणसं मध्यरात्री अंथरुणं डोक्यावर घेऊन बसली असतील, हे डोळ्यांसमोर आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आता ऐक,” दादा म्हणाला. “उद्या हे नायलॉनचे बारा तिथे नेऊन देतो आणि ते तुझे परत आणतो. फाडून पुसायला होतील. आणि हे शिवणकाम आता बस झालं. मशीन काढून टाकतो. ही खोली मला मालाला हवीच आहे. तू घरी आराम कर, डोळे सांभाळ.”

“दादा, अरे…”

“उद्या तेवढी चल माझ्याबरोबर. जाड तंबू उतरवून घडी घालायला तुझ्याशिवाय कोणाला येतंय? बोलायचं मात्र नाही. बोलेन मी.”

कातरमामांनी कात्री खाली ठेवली, पुन्हा उचलली. तेही मूग गिळून बसले. त्यांनाही पोट आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत मागे नायलॉनची खोकी आणि पुढे आम्ही दोघं. दादा शीळ घालत होता. माझं मशीन मोडीत निघणार, माझ्या हातचे बारा तंबू फडकी होणार, आणि हा शीळ घालतोय! मी पिशवीत सुया, मेण लावलेला दोरा आणि अंगठ्यावर चढवायचं चामडं घेतलं होतं. का घेतलं, सांगता येणार नाही. काम सुटणार असलं तरी हत्यार सुटत नाही, इतकंच.

डांबरी रस्ता संपला, मग कच्चा संपला. शेवटचा तुकडा चालत. उंच झाडांमधून उतरत गेलो आणि एकदम तळं दिसलं. पाणी इतकं स्वच्छ की काठाजवळचा एकेक गोटा मोजून घ्यावा. नवा डोळा मिळाल्यापासून मी लांबचं असं काही पहिल्यांदाच बघत होते. समोरच्या काठावरच्या झाडांचं पान न् पान दिसत होतं. आणि झाडांच्या कडेने अर्धगोलात माझे बारा तंबू उभे होते. ताठ, कुठे सुरकुती नाही. दोन तंबूंमध्ये दोऱ्या बांधून लोकांनी अंथरुणं वाळत घातली होती. पाऊस पडून गेल्यावर तीन दिवस कडक ऊन पडलं होतं.

मोजणीबाई चुलीपाशी होत्या. सडसडीत, पांढरे केस बारीक कापलेले, हातात लाकूड. दादाने लांबूनच हात जोडले.

“बाई, तुमची माफी मागायला स्वतः आलोय. ज्या बाईने हे तंबू शिवले ना, तिला मी त्याच दिवशी कामावरून काढली. आमच्याकडे असला कारभार चालत नाही. ही नवी आहे.” त्याने माझ्याकडे बोट केलं. “ही उतरवून घेईल तंबू. तुम्ही निवांत बसा.”

मला आधी कळलंच नाही तो कोणाबद्दल बोलतोय. मी मागे वळून बघितलं, कोणी नवी बाई आली आहे का म्हणून. मागे कोणी नव्हतं. नवी मीच होते. आणि काढलेलीही मीच होते. सख्ख्या भावाने मला एका वाक्यात कामावरून काढली आणि दुसऱ्या वाक्यात कामावर ठेवली, आणि त्याच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही.

“बरं केलंत,” मोजणीबाई म्हणाल्या. “अशा बाईला मशीनजवळ फिरकू देऊ नये. आजोबांचा ताप आज कुठे उतरलाय. अहो, एखाद्याचा जीव गेला असता.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तुम्ही तरी नीट शिवा हो.”

मी मान हलवली. होय, हलवली. त्याची मला अजून लाज वाटते. तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तोंड उघडून सांगायचं काय? ती निष्काळजी बाई मीच, असं? तीस माणसं भिजवली ती मी, असं?

मी निमूटपणे पहिल्या तंबूपाशी गेले आणि दाराची नाडी सोडायला हात घातला. नाडी हातातून सरकन निघून गेली.

मी ती पुन्हा धरली. बोटांनी वरपासून खालपर्यंत चाचपली. मग चष्मा काढून बघितली. गाठ नव्हती. एकही. दुसऱ्या तंबूची बघितली, तिसऱ्याची बघितली. धावतच बाराही तंबू फिरले. बारा नाड्या दुकानातून आणल्या तशा कोऱ्या होत्या.

म्हणजे आंघोळ घातलीच नव्हती. खोकी हलवायला नकोत म्हणून त्याने तंबू गुंडाळले तसे गाडीत टाकले आणि इथे आणून दिले. आणि गळले तेव्हा सगळं खापर माझ्या डोळ्यावर फोडलं. कालपासून मी स्वतःला शिव्या घालत होते. रात्री उशीत तोंड खुपसून रडले होते. आणि हा माझ्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला होता, तीनदा घातली.

मी तंबूत शिरले आणि दार लावून घेतलं. आत अंधार आणि वाळलेल्या कापडाचा वास. छताच्या शिवणीकडे बघितलं. उजेडाचा एकही ठिपका नव्हता. तळ्यावरच्या पावसाने रात्रभर जी आंघोळ घातली होती आणि उन्हाने जे वाळवलं होतं, त्याने माझा टाका न् टाका आवळून धरला होता. नव्या डोळ्याने मी माझीच शिवण बघत होते. सरळ होती. देवाशपथ सांगते, इतकी सरळ शिवण मी स्वतः कधी बघितली नव्हती.

एकामागून एक बारा तंबूंत शिरले. अकरांत मिट्ट अंधार. नवव्या तंबूत मात्र कोपऱ्याच्या शिवणीत बोटभर जागेवर उजेड दिसला. तिथे टाका सुटला होता, सुई कापडाच्या कडेवरून घसरली होती. हा माझा. हा डोळ्याचा. मी तिथेच खाली बसले, पिशवीतून सुई काढली, चामडं अंगठ्यावर चढवलं आणि ते बोटभर मेणाच्या दोऱ्याने हाताने शिवून काढलं, दुहेरी.

बाहेर आले तेव्हा दादा नायलॉनचं पहिलं खोकं उघडत होता. निळा-केशरी तंबू. मोजणीबाई तो बोटांनी चाचपत होत्या, तोंड कडू केल्यासारखं.

“अजून एकही उतरवला नाहीस?” दादा म्हणाला.

“गाठी कुठेत दादा?”

“कसल्या गाठी?”

मला वाटलं होतं तो दचकेल, सारवासारव करेल. त्याला खरंच माहीत नव्हतं. बाबा जाऊन सोळा वर्षं झाली, त्या आधी चाळीस वर्षं तो त्याच घरात राहिला, त्या पाटीखाली बसला, आणि तीन गाठी त्याने कधी बघितल्याच नव्हत्या. नाहीतर खोट्या गाठी तरी मारल्या असत्या. त्या क्षणी मला त्याच्या खोटेपणापेक्षा त्याच्या अडाणीपणाचा जास्त राग आला.

“बाई,” मी मोजणीबाईंना म्हणाले. माझा आवाज इतका मोठा निघाला की चुलीपाशी बसलेली माणसं उठून उभी राहिली. “मी नवी नाही. हे तंबू मीच शिवलेत. एकतीस वर्षं मीच शिवतेय. हा माझा सख्खा भाऊ आहे आणि त्याने मला आत्ता तुमच्यासमोर कामावरून काढलीय.”

“अगं ए…” दादा म्हणाला.

“गप्प बस. कालपासून मी गप्प होते, आता तू बस.” मग मी बाईंना आंघोळीचं सगळं सांगितलं. भोकं, दोरा, तीन गाठी. कोऱ्या नाड्या त्यांच्या हातात दिल्या. “तुम्हाला हे तंबू आंघोळीशिवाय दिले. तुम्ही भिजलात ती त्यांची पहिली आंघोळ होती. तुमच्या जिवावर झाली, त्याबद्दल मी हात जोडते. पण आता ते गळणार नाहीत. नवव्यात माझी चूक होती, बोटभर. आत्ता शिवलीय. बादल्या द्या मला. बारांपैकी एकात जरी थेंब पडला, तरी मी स्वतः सगळे गाडीत भरेन आणि पुन्हा मशीनला हात लावणार नाही.”

दादा हसला. “बाई, तुम्ही हिचं काय ऐकताय? हिच्या डोळ्याचं आत्ताच ऑपरेशन झालंय. परवापर्यंत दिसत नव्हतं हिला. तिच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून मी तसं म्हणालो, घरचीच बाई आहे…”

“बादल्या किती आहेत आपल्याकडे?” मोजणीबाईंनी मागे वळून विचारलं.

नऊ होत्या. आणि दोन पातेली. तळ्यापासून तंबूंपर्यंत साठ पावलं, बाईंनी तेही सांगितलं. तिथली माणसं रांगेत उभी राहिली आणि हातोहात बादल्या वर येऊ लागल्या. मी एका ओंडक्यावर चढून ओतत होते. पोस्टातले आजोबा घोंगडी पांघरून एकेका तंबूत जाऊन बसायचे आणि आतून ओरडायचे, “ओता अजून! कोरडं आहे! अजून ओता!” त्यांनाच सर्वांत जास्त मजा येत होती. ताप त्यांनाच आला होता, त्यामुळे त्यांना कोणी नाही म्हणेना.

एक झाला, दोन झाले, पाच झाले. माझी साडी कमरेपर्यंत भिजली, खांदे भरून आले. नवव्या तंबूच्या त्या कोपऱ्यावर मी मुद्दाम एक बादली जास्त ओतली. मी जवळजवळ डोळे मिटलेच होते.

“कोरडं!” आजोबा ओरडले.

बाराव्यानंतर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ओंडक्यावरून उतरले आणि पदर पिळला. दादा एकटाच नायलॉनच्या खोक्यावर बसून होता. “बादल्या म्हणजे काय पाऊस आहे का?” तो म्हणाला. “दोन-चार बादल्या कशावरही तगतात. पाऊस तास न् तास पडतो.”

त्याची ही इच्छा दुपारी पुरी झाली. तळ्याच्या पलीकडून ढग आले आणि बघता बघता पाऊस सुरू झाला. बाईंनी चुलीतले बटाटे राखेतून काढले, थाळीत घेतले आणि आम्ही सगळ्यांत मोठ्या तंबूत शिरलो. बाई, आजोबा, आणखी पाच-सहा जण, मी. शेवटी दादाही आला, कारण गाडी लांब होती आणि त्याने आणलेले नायलॉनचे तंबू अजून खोक्यात होते.

कापडावर पाऊस जोरात वाजत होता. सगळे मध्ये, दाटीवाटीने, गुडघे जवळ घेऊन बसले होते. तंबूत राहणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही, एका पावसात कळतं. दादाला दाटीवाटी आवडत नाही. तो भिंतीकडे सरकला, एक उसासा टाकला, पाय पसरले आणि मागे रेलला.

मी बघत होते. लहान असताना त्याने हेच केलं होतं, तेव्हा मी ओरडले होते, “दादा, पाठ!” त्यानंतर आयुष्यभर मी तेच ओरडत आले. बिलं चुकायची तेव्हा, गिऱ्हाइकं तुटायची तेव्हा, बाबा त्याच्यावर चिडायचे तेव्हा, दर वेळी मी आधी सावध केलं होतं, सांभाळून घेतलं होतं. आत्ता तोंडात शब्द तयार होता. मी बटाट्याचं साल काढत राहिले.

पाचेक मिनिटं गेली असतील. दादाने पाठीमागे हात नेला. हात ओला. मग तो एकदम ताठ झाला आणि त्याचा चेहरा उजळला. इतका आनंद मी त्याच्या तोंडावर कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

“गळतंय!” तो ओरडला. “बघा! बघा बाई! माझा सगळा सदरा ओला झालाय. सांगत होतो मी! या, सगळे या, हात लावून बघा! म्हणे गळणार नाही!”

कोणी उठलं नाही. आजोबांनी घास तोंडाजवळ नेला होता तो तसाच धरला. मोजणीबाईंनी थाळी खाली ठेवली आणि दादाकडे बघितलं.

“तुम्ही तंबूचं दुकान चालवता?” त्यांनी विचारलं.

“हो. म्हणजे काय? वडिलांपासूनचं आहे.”

“पाठ काढा भिंतीवरून.”

“अहो, पण हे पाणी…”

“ओल्या तंबूला आतून टेकायचं नसतं. टेकलं की झिरपतं. हे या आजोबांना माहीत आहे, ते चार दिवस झाले तंबूत राहतायत.” त्यांनी आवाजही चढवला नाही. “तुम्हाला माहीत नाही?”

दादा पुढे सरकला आणि सगळ्यांसारखे गुडघे जवळ घेऊन बसला. त्याच्या पाठीवर सदऱ्याचा एक मोठा गडद डाग पडला होता. त्याच्याकडे बघून मला दया यायला हवी होती. आली नाही. मनातल्या मनात मी म्हटलं, बसू दे असाच.

पाऊस थांबल्यावर मोजणीबाईंनी नायलॉनची खोकी गाडीपर्यंत पोचवायला चार माणसं दिली. “तंबू इथेच राहतील,” त्या दादाला म्हणाल्या. “आणि पुढच्या वर्षी आणखी सहा हवेत. त्याचं मी यांच्याशी बोलेन. मागच्या खोलीत मशीन असेल ना अजून?”

हा प्रश्न त्यांनी दादाला विचारला, पण बघत होत्या माझ्याकडे.

“असेल,” मी म्हणाले. “आणि मागचं अंगणही मोकळं असेल. आंघोळीला.”

निघायच्या आधी मी बाराही तंबूंच्या नाड्यांना एकेक गाठ मारली. पहिल्या रात्रीचा पाऊस आणि आजच्या बादल्या धरून खरं तर दोन झाल्या असत्या, पण तंबू वाळल्याशिवाय दुसरी मारायची नसते. ती बाईंनी मारायचं कबूल केलं.

परतीच्या वाटेवर दादाने शीळ घातली नाही. ओला सदरा सीटला चिकटत होता म्हणून तो पुढे वाकून गाडी चालवत होता. कच्चा रस्ता संपला, डांबरी लागला. मी खिडकीतून बाहेर बघत होते. लांबच्या लांब सगळं स्वच्छ दिसत होतं.

शेवटी न राहवून तो म्हणाला, “तू तिथेच बसली होतीस. बघत होतीस. एवढ्या लोकांसमोर माझी शोभा झाली. पाठ लावू नको एवढं सांगता येत नव्हतं तुला?”

“मी नवी ना दादा,” मी म्हणाले. “मला कुठलं एवढं माहीत असणार?”